‘दुनियादारी’चा परवाना

सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या संदर्भात मराठी समीक्षाव्यवहाराने एक सोयीस्कर तडजोड स्वीकारलेली दिसते. रहस्यकथाकार म्हणून त्यांची दखल घ्यायची नाही. ‘दुनियादारी’चे लेखक म्हणून मात्र थोडी जागा द्यायची. या कादंबरीवर २०१३ मध्ये चित्रपट आला, ‘समांतर’वर २०२० मध्ये वेबमालिका आली आणि शिरवळकर हे नाव प्रतिष्ठितांच्या बैठकीत उच्चारण्यास हरकत उरली नाही. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या कथा मात्र पोटापाण्यासाठी केलेले लेखन म्हणून क्षम्य मानल्या जातात. या क्षमेला सन्मान म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे. जुना बहिष्कारच येथे सौजन्याच्या भाषेत चालू आहे.

रहस्यकथेवर तीन आक्षेप घेतले जातात: विपुलता, साचेबद्धता आणि उसनेपणा. बाबूराव अर्नाळकरांनी (निधन १९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, एवढ्यावरूनच त्यांचा निकाल लावला गेला. ना. सी. फडके यांनीही विपुल लिहिले. पण त्यांच्या तंत्रवादाशी वाद घालण्याइतकी प्रतिष्ठा त्यांना मिळाली. साचा तर कीर्तनालाही असतो. पूर्वरंग-उत्तररंग ठरलेले आहेत म्हणून सर्व कीर्तनकार सारखे ठरत नाहीत. उसनेपणाचा आक्षेप अधिकच दुटप्पी आहे. ‘हॅम्लेट’वरून बेतलेले आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि ‘ऑथेल्लो’वरून बेतलेले देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) वाङ्मयेतिहासात मानाने नोंदले जातात. इंग्रजी रहस्यकथेला मराठी वळण देणाऱ्याची मात्र चोर म्हणून संभावना होते.

या लेखनात टाकाऊ भाग मोठा आहे, हे निःसंशय. घाईने गुंडाळलेले शेवट, शोभेपुरत्या स्त्रिया, योगायोगांची रेलचेल हे दोष कोणालाही दिसतील. पण अमुक कथेत रहस्य रचनेतून उलगडते आणि तमुक कथेत ते लेखकाच्या लहरीने सुटते, हा भेद दाखवणार कोण? तो मूल्यविवेकाचाच भाग आहे. तोदोरोव्हने १९६६ मध्ये गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा असे रहस्यकथेचे दोन स्तर वेगळे केले. आपल्या वर्गांत ही मांडणी शिकवायची आणि तिच्या कसोटीवर एकही अमर विश्वास-कथा लावून पाहायची नाही, हे सिद्धान्ताचे उपयोजन नव्हे. सिद्धान्ताचे पाठांतर होय.

येथे प्रश्न एका लेखकाच्या न्यायापुरता राहत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, मेहकर–सिंदखेडराजा मार्गावर, बीबी हे गाव आहे. अशा गावांत पुस्तक पोचण्याच्या वाटा मोजक्याच: एसटी स्थानकावरील विक्रेता, सार्वजनिक वाचनालय आणि हातोहात फिरणारी जीर्ण प्रत. या वाटांनी महाराष्ट्रभर जे वाचले गेले, त्यात रहस्यकथेचा वाटा मोठा होता. समीक्षा बीबीसारख्या गावाकडे पाहते ती ग्रामीण साहित्याचा आशयविषय म्हणून. तिथला माणूस कादंबरीतील पात्र म्हणून तिला चालतो. वाचक म्हणून तो तिच्या हिशेबातच नसतो. त्याची अभिरुची न तपासताच हीन ठरवली जाते आणि ‘मराठी वाचक’ हा शब्द मात्र बिनदिक्कत सर्वांच्या वतीने वापरला जातो.

ही उपेक्षा निरुपद्रवी नाही. स्वस्त कागदावर छापलेली, हाताळून फाटलेली पुस्तके वाचनालये जुनी रद्दी म्हणून काढून टाकतात. विद्यापीठांना ती जपण्याचे कारण वाटत नाही. उद्या एखाद्या संशोधकाला मराठी गद्याचा वेग, संवादांची बदलती बोली किंवा शहराविषयीचे भय आणि आकर्षण शोधावयाचे झाले, तर पुरावाच उरणार नाही. म्हणून ‘दुनियादारी’चा परवाना मागणे थांबवून दारा बुलंद हाच प्रबंधाचा विषय झाला पाहिजे. त्या वाचनात त्यातील दहापैकी नऊ कथा नापास झाल्या तरी चालेल. मात्र तो निकाल वाचून दिलेला असावा.