सॅक उपसली जाते तेव्हा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावरून निघालेला माणूस तीन-चार दिवसांनी नील गॅप नावाच्या खिंडीत उतरतो. तोवर पन्नासेक किलोमीटर चालून झालेले असतात आणि पुढे साडेतीन हजारांच्या आसपास उरलेले असतात. खिंडीत १९३०च्या दशकातली एक दगडी इमारत आहे. तो चालतो आहे ती पायवाट, अ‍ॅपलाचियन ट्रेल, चक्क तिच्या छताखालच्या बोळातून जाते. आत ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान, आणि वर छताला टांगलेले झिजलेले बूट.

इथे अनेकांची सॅक उपसली जाते. दुकानात ही वाट स्वतः चाललेली माणसं असतात. नवख्याला जमिनीवर बसवून ती एकेक वस्तू बाहेर काढायला लावतात. प्रश्न साधाच असतो: निघाल्यापासून हे एकदा तरी वापरलंत का? जाडजूड जीन्स, दुसरं पातेलं, टूथपेस्टची मोठी ट्यूब, 'लागलं तर असू दे' म्हणून घेतलेले चार टी-शर्ट. बघता बघता दोन ढीग होतात, आणि मोठा ढीग खोक्यात भरून पोस्टानं घरी जातो. या प्रकाराला तिथे 'शेकडाउन' म्हणतात. काही जण मात्र याच खिंडीतून सॅकसकट परत फिरतात. संपूर्ण ट्रेल चालायला निघालेल्यांपैकी साधारण चारातला एकच शेवटपर्यंत पोहोचतो.

ही वाट चौदा राज्यांतून जाते आणि मेन राज्यात कटाडिन डोंगराच्या माथ्यावर संपते. बेंटन मॅकाय यांनी १९२१मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७मध्ये ती सलग झाली. एवढं अंतर कुणी एका दमात चालेल, असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. १९४८मध्ये अर्ल शेफरनं ते करून दाखवलं. आज बारा महिन्यांच्या आत पूर्ण वाट चालणाऱ्याला 'थ्रू-हाइकर' म्हणतात. बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. दक्षिणेकडून मार्च-एप्रिलमध्ये निघालं, तर ऑक्टोबरच्या मध्याआधी कटाडिन गाठायचं असतं, कारण त्यानंतर तिथे हिवाळा सुरू होतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. जुलैत हरिश्चंद्रगड चढताना अंगातला सुती शर्ट एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही, हे एका ट्रेकमध्ये कळतं. पण आपली चूक रविवारी संध्याकाळी घरी परतलं की गरम पाण्याच्या बादलीत विरघळते. तिथे तीच चूक दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर घ्यावी लागते, आणि तिसऱ्या दिवशीही. म्हणून अनुभवी लोक सांगतात की नवी सॅक भरून घराजवळच्या टेकड्या आधी चढा, आणि तंबू एकदा मुद्दाम पावसात लावून त्यात रात्र काढा. रोज चालून पाय सुजतात, म्हणून बूट एक माप मोठे घ्यायचे, आणि वाट संपेपर्यंत चार-पाच जोड लागतील हे खर्चात धरायचं. खाणं तीन ते पाच दिवसांचंच घ्यायचं, पुढचं गाव येतंच. साबणाची छोटी वडी मात्र विसरायची नाही. वाटेवरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यांत नोरोव्हायरस पसरला की उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो, आणि त्या विषाणूपुढे सॅनिटायझर फारसा चालत नाही. हात साबण-पाण्यानंच धुवावे लागतात.

तयारीचा विषय निघाला की एमा गेटवूडचं नाव येतंच. ओहायोतली ही शेतकरी बाई, अकरा मुलांची आई. नवऱ्याच्या हातचा मार तिनं वर्षानुवर्षं सोसला होता. १९५५च्या मे महिन्यात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जरा चालून येते एवढंच सांगून ती घरातून निघाली आणि १४६ दिवसांनी कटाडिनच्या माथ्यावर उभी राहिली. ही अख्खी वाट एका हंगामात एकटीनं चालणारी ती पहिली स्त्री. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही.

गेटवूड आजीची गोष्ट बऱ्याचदा बिनतयारीच्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तसं सांगणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. आदल्याच वर्षी ती मेनमधून निघाली होती, वाट चुकली होती, चष्मा फुटला होता आणि वनरक्षकांनी तिला परत पाठवलं होतं. त्यानंतर तिनं रोज चालायचा सराव केला. घराभोवतीच्या फेऱ्या वाढवत वाढवत ती दिवसाला सोळा किलोमीटरवर आली. शेतातल्या कष्टांनी अंग आधीच घडलेलं होतं. आपल्याला किती कमी पुरतं, याचा हिशेब तिनं चोख केला होता. जे पाठीवर घेतलं नाही, ते तिनं वाटेतल्या माणसांवर सोपवलं. काहींनी दार लावून घेतलं, तेव्हा ती पालापाचोळ्यावर झोपली. अनेकांनी मात्र ताट वाढलं, अंथरूण दिलं. त्या ऑगस्टमध्ये वादळी पावसानं ओढे फुगले होते. व्हरमाँटमध्ये नौदलातले दोन तरुण तिला भेटले. त्यांनी तिला मधे घेतलं, तिघांनाही एका दोरीनं बांधलं आणि पाणी ओलांडून दिलं.

थोडक्यात, हलकी सॅक म्हणजे दुसऱ्यांवर टाकलेला विश्वास. नर्मदा परिक्रमेला गेलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सदावर्तात मिळणाऱ्या डाळ-तांदळाच्या भरवशावर तो किनाऱ्याकिनाऱ्यानं चालतो. अ‍ॅपलाचियन वाटेवर अशा देणाऱ्याला 'ट्रेल एंजल' म्हणतात. कुणी रस्ता जिथे वाट ओलांडतो तिथे गाडी लावून गरम जेवण करून घालतं, कुणी चार दिवसांचे घामट कपडे घरच्या मशीनमध्ये धुऊन देतं.

पण देण्यालाही तयारी लागते. शीतपेयं आणि चॉकलेटं भरलेलं खोकं जंगलात ठेवून निघून जाणारे पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगलाच असतो. मागे राहतो तो कचरा, आणि त्या वासानं येणारं अस्वल. माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल निवाऱ्यांभोवती घुटमळायला लागतं, आणि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावं लागतं. म्हणून वाटेची काळजी वाहणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था कळकळीनं सांगते की द्यायचं तर तिथे थांबून द्या, आणि जाताना सगळं उचलून न्या. द्यायची हौस आणि समोरच्याची गरज यांतलं अंतर ज्याला कळतं, त्याचीच मदत खरी उपयोगी पडते.

चालणारे एकमेकांना देतात ते याहून साधं असतं. पुढचा झरा आटलाय एवढं उलट दिशेनं येणाऱ्यानं सांगितलं, तरी एखाद्याचा दिवस निभावतो. टाचेला फोड आलेल्याला वेळेवर हातभर चिकटपट्टी मिळाली, तर तो पुढच्या गावापर्यंत पोहोचतो. वाटेवरच्या वसतिगृहांत बहुधा एक खोकं ठेवलेलं असतं, 'हायकर बॉक्स' नावाचं. आपल्याला जड झालेलं त्यात टाकायचं, लागेल ते उचलायचं. अर्धी पिशवी ओट्स, उरलेला गॅस, हातमोज्यांचा जोड असं काहीबाही त्यात असतं. नील गॅपच्या ढिगासारखं एकाला जड झालेलं सामान पुढे असं वाटेभर कुणाकुणाच्या उपयोगी पडत राहतं.

खुद्द वाटेलाही मदत लागते. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन चक्रीवादळानं दक्षिणेकडच्या पट्ट्यात असंख्य झाडं वाटेवर आडवी केली. करवती घेऊन ती कापायला जे गेले, त्यांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. एरवीही ही वाट सुमारे तीस स्थानिक क्लब सांभाळतात. झाडाझाडावर दिसणारा दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा असाच कुणीतरी हातानं रंगवलेला असतो.

कटाडिनच्या अलीकडे सुमारे २४० किलोमीटरवर केनेबेक नदी आडवी येते. तिच्यावर पूल नाही. वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसतो, आणि १९८५मध्ये पायी ओलांडताना एका वाटसरूचा इथे बुडून मृत्यू झाला. त्यानंतर इथे हंगामात नावाडी ठेवला जाऊ लागला. पैसे पडत नाहीत. तीन हजार किलोमीटर कुणाची मदत न घेता आलेला असो, इथे त्याला सॅक उतरवून जीवरक्षक जॅकेट घालावंच लागतं. नाव छोटी असते, एका खेपेत एक-दोघंच मावतात, आणि पुढे बसलेल्याच्या हातात बऱ्याचदा दुसरं वल्हं दिलं जातं. खाली पाहिलं की नावेच्या तळाला तोच पांढरा पट्टा रंगवलेला दिसतो.