"तू बस गं, आम्ही करतो" हे आता बंद करा

पोस्ट मोठी आहे आणि थोडी चिडून लिहिलेली आहे, आधीच सांगते.

आपल्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या आवरायला लागले. चौघीजणी धावत आल्या. "अगं, तू कशाला? तुला एम.एस. आहे ना? तू बस गं, आम्ही करतो." हातातली खुर्ची काढून घेतली आणि मला त्याच खुर्चीवर बसवलं. तुमचं मन चांगलं आहे, शंकाच नाही. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि किमान पंचवीस-तीस वर्षं शिळा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचं प्लॅस्टिक सोलून निघावं तसं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुपटीहून जास्त दिसतो, आणि निदान बहुतेकदा विशी ते चाळिशीत होतं. म्हणजे नेमकं मुलं लहान असताना.

मग "आराम करा" आलं कुठून? १८९० मध्ये विल्हेल्म उटहॉफ या जर्मन डॉक्टरने नोंदवलं की व्यायामानंतर काही रुग्णांना अंधुक दिसायला लागतं. पुढे कळलं की हे अंगातली उष्णता वाढल्यामुळे होतं. अंग थंड झालं की नजर पूर्ववत होते, नवी इजा झालेली नसते. पण तोवर भीती बसली होती, आणि कित्येक दशकं रुग्णांना "जपून राहा, दमू नका" एवढंच सांगितलं गेलं. १९९६ मध्ये अमेरिकेत युटाला रुग्णांकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांचं सायकलिंग करून घेतलं. दम वाढला, ताकद वाढली, मनःस्थिती सुधारली. अमेरिकेतल्या नॅशनल एम.एस. सोसायटीच्या २०२० च्या शिफारशी तर स्पष्टच आहेत: जमेल तिथून सुरुवात करून आठवड्याला निदान १५० मिनिटं हालचाल. काठी घेऊन चालणाऱ्यांनीसुद्धा. त्यापुढच्या अवस्थेतल्यांसाठी श्वसनाचे आणि हातांचे वेगळे व्यायाम दिले आहेत.

आता मेंदूचं. माझा धंदा हिशेबाचा, म्हणून घसाऱ्याच्या भाषेत सांगते. निरोगी मोठ्या माणसाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. उपचार नसलेल्या एम.एस.मध्ये ०.५ ते १.३५ टक्के. शिल्लक आहे तोवर मेंदू दुसरे रस्ते शोधून काम भागवतो, त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसतं. शिल्लक संपत आली की शब्द आठवेनासे होतात, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. ऑडिट करणाऱ्या बाईला याची किती भीती वाटते ते विचारू नका.

व्यायामाने हा घसारा थांबतो का? खरं तेच लिहिते. डेन्मार्कमध्ये २४ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम केलेल्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी काही भागांत वाढलेली दिसली. तिथेच दम लागणाऱ्या व्यायामाच्या दुसऱ्या प्रयोगात आकसणं थांबलं नाही, पण दम वाढला आणि आजाराचे झटके कमी आले. सहा देशांतल्या ३११ जणांवर केलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात व्यायाम आणि बौद्धिक सराव एकत्र केल्याने विचारांचा वेग जास्त वाढला असं सिद्ध झालं नाही. तेव्हा "योगासनांनी एम.एस. मुळापासून बरा" असले व्हिडिओ मला पाठवणाऱ्यांनीही कृपा करा. औषधं सोडायची नाहीत, एकही डोस नाही.

पण व्यायामाचा फायदा मर्यादित आहे म्हणून बसून राहण्याचा तोटा खोटा ठरत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार जोडीला असले की एम.एस.मध्ये चालण्याची अडचण लवकर येते. आणि मधुमेह आपल्या लोकांना तसाही लवकर गाठतो. तुम्ही मला खुर्चीत बसवून वर अनारसे हातात देता, त्यात काय वाचवता?

"अगं पण थकव्याचं काय?" थकवा खरा आहे. तो आळस नाही आणि झोपून जातही नाही. ३१ जानेवारीच्या टॅक्स रिटर्नच्या गर्दीत मी संध्याकाळी जिना चढताना दोनदा थांबते. पण नियमित व्यायामाने हा थकवा थोडा कमी होतो असं दिसलं आहे, आणि माझा अनुभवही तोच. त्या दिवसांत दहा मिनिटं, बाकी दिवसांत अर्धा तास. पंखा लावून, गार पाणी जवळ ठेवून. इंग्लंडच्या थंडीचा एवढा एक तरी उपयोग. नवीन झटका आला असेल तर आधी आपल्या एम.एस. नर्सला विचारा. मज्जासंस्थेच्या आजारांचं काम करणारे फिजिओ एनएचएसमध्ये असतात, पण मागितल्याशिवाय कोणी पाठवत नाही. मागा.

मला खरा राग का आला ते शेवटी सांगते. त्या रात्री घरी आल्यावर मी भांडी लावायला घेतली तर माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, तू बस, तू तुटशील." पाच वर्षं मी तिच्या डोक्यातून हेच काढायचा प्रयत्न करतेय. मोठी माणसं बोलतात ते मुलं खरं धरतात हो.

शनिवारी मुलांचं स्विमिंग चालू असताना आपण सगळे गाडीत हीटर लावून फोन बघत बसतो. मी हल्ली तेवढा वेळ मैदानाला फेऱ्या मारते. कोणाला यायचं असेल तर या, एम.एस. असो वा नसो. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलमधली टेबलं मी लावणार आहे. ती जड असतात, दुसरं टोक धरायला माणूस लागेल.