विश्लेषण : लिव्हरपूलचे गोदाम टिकले, मग वारसा दर्जा का गेला?

कापूस घरात आला की विडी-काडी ओसरीबाहेर, हे कुही-मांढळकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. इंग्लंडमध्ये मर्सी नदीकाठचे 'अल्बर्ट डॉक' हे व्हिक्टोरियाकालीन गोदाम आगीच्या याच धास्तीतून १८४६ मध्ये उभे राहिले. ते आजही गजबजलेले आहे. पण लिव्हरपूलचा ज्या नदीकाठात ते मोडते, त्याचा जागतिक वारसा दर्जा युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये काढून घेतला. शिवकालीन किल्ले जुलै २०२५ मध्ये त्याच यादीत आल्याने हे प्रकरण महाराष्ट्रानेही समजून घ्यावे असे आहे.

या गोदामात वेगळे काय?

त्या काळच्या गोदामांच्या भिंती विटांच्या. आतले खांब, तुळया आणि मजले मात्र लाकडाचे. कापूस, साखर, तंबाखू, दारू भरलेल्या अशा इमारतीला एक ठिणगी पुरे. आगी वारंवार लागत आणि विम्याचे दर चढत. गोदी अभियंता जेसी हार्टले यांनी जमिनीवरच्या सांगाड्यातून लाकूडच हद्दपार केले. बिडाचे खांब, त्यावर बिडाच्या तुळया, तुळयांच्या मध्ये विटांच्या कमानी आणि त्या कमानींवर मजला. छप्परही लोखंडी पत्र्याचे. या कामाला सुमारे २ कोटी ३० लाख विटा लागल्या. पाच मजली इमारती पाण्याला अगदी खेटून असल्याने जहाजातला माल थेट वर चढे; चोरीलाही आळा बसला. १८४८ पासून पाण्याच्या दाबावर चालणारी मालउचल यंत्रे आली.

विदर्भाचा संबंध कुठे येतो?

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावाने ओळखला जाई. नागपुरात जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्येही आग विझवणारे स्वयंचलित फवारे बसले होते. त्या मिलच्या जागेवर आज मॉल आहे.

अल्बर्ट डॉकवरही ती वेळ आली होती. शिडाच्या जहाजांसाठी आखलेले त्याचे प्रवेशद्वार मोठ्या आगबोटींना अपुरे पडले, १९७२ मध्ये गोदी बंद झाली, गाळ साचला. मात्र १९५२ पासून कायद्याचे सर्वोच्च संरक्षण होते, म्हणून इमारती पाडणे सोपे नव्हते. दुरुस्ती होऊन १९८८ मध्ये तिथे टेट कलादालन उघडले. दुकाने आणि घरेही आली.

मग दर्जा का गेला?

कारण २००४ मध्ये मिळालेला दर्जा एका गोदामाचा नव्हता, सगळ्या नदीकाठाचा होता. उत्तरेकडच्या गोद्यांवर उंच इमारतींचा 'लिव्हरपूल वॉटर्स' प्रकल्प आला, तेव्हा २०१२ मध्ये युनेस्कोने इशारा दिला. पुढे ब्रॅम्ली-मूर ही हार्टले यांचीच १८४८ ची गोदी बुजवून एव्हर्टन फुटबॉल क्लबचे मैदान झाले. २०२५ पासून तिथे सामने होतात. ओसाड जागेवर रोजगार हवा, हा शहराचा युक्तिवाद पोकळ नाही. पण बुजवलेली गोदी परत येत नाही, हेही खरे. यादीतून नाव कटलेले लिव्हरपूल हे जगातले तिसरे ठिकाण.

महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांच्या नोंदीतही तटबंदीबाहेरचा संरक्षित पट्टा आखलेला आहे. रोपवे, हॉटेल, रस्ता असे प्रस्ताव बहुधा याच पट्ट्यात येतील.