वेड पांघरून पेडगावला

परभणीहून मानवत रोडच्या दिशेने निघालेल्या गाडीला पेडगाव हे एक लहानसे स्टेशन लागते. ज्या पेडगावला मराठी भाषेने वाक्प्रचारात कायमचे बसविले ते भीमाकाठचे, श्रीगोंद्याकडचे. परभणीच्या पेडगावचा त्यात काही अपराध नाही. परंतु वेड पांघरून पेडगावला जाण्याचा उद्योग आज कोण करीत असेल, तर तो रेल्वे प्रशासन करीत आहे, आणि तो लोहमार्गानेच चालला आहे. यंत्राने रुळाची तपासणी झाली, नोंदवहीत तारीख पडली, म्हणजे रूळ निर्धोक ठरला, हे ते वेड. ज्यांनी ते पांघरले आहे त्यांना वस्तुस्थिती ठाऊक नाही असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडपर्यंत जो मीटरगेज मार्ग टाकला, त्याच मार्गावरचे हे स्टेशन. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात मार्ग रुंद झाला, पुढे विजेच्या तारा आल्या, आणि २०२५ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने परभणी–औरंगाबाद दुहेरीकरणाला मंजुरी दिली. गाड्या वाढणार, वजन वाढणार, वेग वाढणार. खालची जमीन मात्र तीच काळी, कापसाची, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा जमिनीवरील भराव खचतो तेव्हा रूळ प्रत्येक चाकाखाली वाकतो, आणि पोलाद वारंवार वाकले की त्याच्या अंतरंगात थकव्याची चीर जन्म घेते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती शोधण्यासाठीच श्राव्यातीत लहरींचे यंत्र आहे.

हे यंत्र आहे तरी काय, हे समजून घेणे अवघड नाही. हातगाडीसारख्या सांगाड्यावर स्फटिकाचे प्रोब बसविलेले असतात. काही सरळ खाली, काही ७० अंशांच्या कोनात पुढे-मागे, रुळाच्या पोटात ध्वनिलहरी सोडतात. प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये हवा राहिली तर लहर आत शिरत नाही, म्हणून पाण्याची धार सोडावी लागते. आत चीर असेल तर लहर तिच्यावरून परततो आणि पडद्यावर उंचवटा उठतो. तो पाहून माणसाने निर्णय करावयाचा असतो: रूळ तातडीने काढावयाचा, की निरीक्षणाखाली ठेवावयाचा, की पुढे चालावयाचे. रूळ न कापता, न तोडता त्याचे अंतरंग पाहण्याची ही विद्या खरोखरच मोठी आहे. १९११ साली अमेरिकेत मँचेस्टर येथे रूळ तुटून गाडी घसरली, रुळाच्या माथ्यात दडलेल्या आडव्या चिरेकडे तंत्रज्ञांचे लक्ष गेले, आणि १९२८ मध्ये एल्मर स्पेरी यांनी शोधक गाडी रुळावर आणली. तेव्हापासून या विद्येने असंख्य जीव वाचविले असतील. आमचे भांडण विद्येशी नाही.

भांडण आहे ते तिच्या नावाने दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्राशी. रुळाच्या माथ्यावरून सोडलेली लहर मधल्या पट्टीतून खाली जाते. तळपायाच्या दोन्ही कडांना ती पोहोचतच नाही. तेथे गंजाने पडलेला खड्डा आणि त्यातून निघालेली चीर नेहमीच्या फेरीत सापडावी कशी? थर्मिटच्या जोडांसाठी म्हणूनच वेगळ्या प्रोबने, हाताने, गुडघ्यावर बसून तपासणी करावी लागते. माथ्यावर बारीक भेगांचे जाळे असेल तर ते लहर वरच्यावर अडविते आणि खालची खोल चीर त्याच्या आडोशाला सुरक्षित राहते. वळणावर झिजलेला माथा, वंगणाचा थर, सुकलेले पाणी, चुकीचे जुळविलेले यंत्र, मराठवाड्याच्या मे महिन्यातील दुपार, थकलेले डोळे यांपैकी प्रत्येक गोष्ट परतणाऱ्या लहरीतून काही ना काही वजा करते.

तेव्हा ‘तपासणी झाली का’ हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा की, ठराविक आकाराची चीर असताना, ठराविक परिस्थितीत काम करणाऱ्या माणसाला ती सापडण्याची शक्यता किती? विमानविद्येने हा प्रश्न १९७० च्या दशकातच विचारला. अमेरिकन हवाई दलाने चिरा असलेले नमुने निरनिराळ्या तळांवर नेले, तेथल्याच तंत्रज्ञांकडून तपासून घेतले, आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. विमानांच्या आराखड्यात जी विश्वासार्हता गृहीत धरलेली होती ती प्रत्यक्षात आढळली नाही. युरोपात अणुभट्ट्यांच्या पात्रांसाठी झालेल्या सामुदायिक चाचण्यांनीही नियमपुस्तकाप्रमाणे केलेली तपासणी मोठे दोष सोडून देऊ शकते असे दाखविले. त्यानंतर १९८९ साली अमेरिकेत स्यू सिटी येथे विमान कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली. इंजिनातील चकतीची चीर तपासणीत निसटली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. श्रीमंत देशात, छपराखाली, दिव्याच्या उजेडात ही स्थिती असेल, तर उघड्या माळावरील खडीतून चालणाऱ्या माणसाकडून अचूकतेची अपेक्षा करणारे लोक कोणत्या जगात राहतात?

हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या विभागात शंभर धोकादायक चिरा आहेत आणि सापडण्याची शक्यता नव्वद टक्के आहे. दहा चिरा रुळातच राहिल्या आणि त्या रुळावर ‘तपासला’ अशी नोंद झाली. नोंद होण्यापूर्वी त्या रुळाकडे संशयाने पाहणारा कीमन होता. आता तोही निश्चिंत होईल. आणि नव्वद हा आकडा आम्ही औदार्याने धरला आहे. आपल्या विभागात तो किती आहे हे कोणत्या अधिकाऱ्याने कधी जनतेला सांगितले आहे काय?

याची दुसरी बाजू अधिक कुरूप आहे. यंत्राची संवेदना वाढविली की खोटे इशारे वाढतात. कमी केली की खऱ्या चिरा निसटतात. मधली रेघ कोठे ओढावयाची हा दिसावयास तांत्रिक प्रश्न आहे, परंतु त्याचा निकाल सत्तेच्या तराजूत लागतो. रूळ तातडीने काढण्याजोगा ठरला की तेथे वेगमर्यादा लागते, गाड्या रखडतात, रूळ बदलण्यासाठी वाहतूक थांबवावी लागते, आणि वक्तशीरपणाचे आकडे घसरतात. खोट्या इशाऱ्याचा जाब त्याच दिवशी विचारला जातो. निसटलेल्या चिरेचा जाब अपघात झाला तरच विचारला जातो, आणि तोही खालच्या माणसाला. अशा व्यवस्थेत पडद्यावरचा संशयास्पद उंचवटा ‘निरीक्षणाखाली’ या सोयीच्या रकान्यात ढकलण्याचा मोह कोणाला होणार नाही? त्यातून हे काम जेव्हा किलोमीटरच्या दराने ठेकेदाराला दिले जाते, तेव्हा ठेक्याचा नफा चालण्याच्या वेगात असतो, थांबून पुन्हा पाहण्यात नसतो. स्वयंचलित गाडी हा यावरचा रामबाण म्हणून पुढे केला जातो. ती अधिक अंतर कापते हे खरे. परंतु तिने दाखविलेल्या जागी पुन्हा हातयंत्र घेऊन माणसालाच जावे लागते.

आणि सापडलेल्या चिरेचे तरी काय होते? इंग्लंडमध्ये हॅटफील्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी रूळ तुकडे तुकडे होऊन चार प्रवासी मेले. त्या रुळातील भेगा आधीच लक्षात आलेल्या होत्या. बदलावयाचा नवा रूळ महिनोन्‌महिने मार्गाच्या कडेला पडून होता. रेल्वेचे खाजगीकरण झालेले, मालकी रेलट्रॅक कंपनीची, देखभाल दुसऱ्या ठेकेदाराची, आणि दोघांच्या मध्ये तो रूळ. खाजगी कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग पाठ करावा.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ अमृतसरला निघालेली गोल्डन टेंपल मेल तुटलेल्या रुळावरून घसरली, तिच्या डब्यांवर दुसरी गाडी आदळली, आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये रेल्वेपासून स्वतंत्र अशा सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. ती कागदावर राहिली. महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालाने मार्गनोंदणी गाड्यांच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट असल्याचे नोंदविले. सुरक्षेसाठी उभारलेल्या निधीतून पाय चोळण्याची यंत्रे आणि चिनी मातीची भांडी घेतली गेल्याचेही त्याच अहवालातून बाहेर आले. खडीत पाय झिजविणाऱ्या गँगमनचे पाय चोळण्यासाठी ती घेतली नसावीत.

हा रोग रेल्वेपुरता नाही. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन धोका नाही असे ठरले होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. संरचना तपासणीत त्याला केवळ किरकोळ दुरुस्तीची गरज दाखविली होती. दोन्ही ठिकाणी तपासणीचा कागद होता. तो कागद किती खरा निघण्याजोगा आहे, याची तपासणी कोणी केली नव्हती.

यावर उपाय म्हणून महागडी परदेशी यंत्रे मागविण्याची भाषा आता सुरू होईल. आमची मागणी त्याहून स्वस्त आहे. मार्गातून काढलेल्या, आत निश्चित ठाऊक असलेल्या चिरा असणाऱ्या रुळांचे तुकडे प्रत्येक विभागाने चाचणीच्या पट्ट्यात जोडावेत, तपासणाऱ्याला न सांगता त्यांवरून नेहमीची फेरी काढवावी, सकाळीही आणि भर दुपारीही, कायम कामगाराकडूनही आणि ठेकेदाराच्या माणसाकडूनही. किती चिरा सापडल्या, किती निसटल्या, किती खोटे इशारे आले, हे रेल्वेबाहेरच्या यंत्रणेने मोजावे आणि विभागवार प्रसिद्ध करावे. निसटलेल्या चिरेसाठी कोणाही कामगारावर कारवाई होऊ नये, कारण मोजमाप व्यवस्थेचे आहे. शिक्षेची टांगती तलवार ठेवली तर आकडे पुन्हा खोटेच येतील. फेरीची लांबी आणि विश्रांतीची वेळ त्या आकड्यांवरून ठरवावी, ठेक्याच्या दरावरून नव्हे. दुहेरीकरणाचे काम या मार्गावर होणारच आहे, जुने रूळ निघणारच आहेत. तेव्हा नांदेड विभागाने असा पट्टा पेडगावच्या आसपासच का घालू नये? त्या तुकड्यांना भंगाराच्या भावापलीकडे काही किंमत नाही.