कोयता आणि कायदा

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द इतका रुळला की शेतीच्या एका साध्या अवजाराचे नाव बदनाम झाले. ज्याच्या जिवावर ऊसतोडीचा हंगाम आणि नारळपाणीवाल्याचे पोट चालते, तो कोयता मिसरूडही न फुटलेली पोरे दुचाकीवरून नाचवू लागली, उभ्या मोटारींच्या काचा फोडू लागली. २०२३ च्या सुमारास पुणे पोलिसांनी कोयता विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितले. ती बातमी वाचून आमच्या घरी चहाच्या वेळी प्रश्न निघालाच : मग स्वयंपाकघरातली सुरी धार लावायला न्यायची की नाही?

खुशाल न्यावी. १९५९ चा शस्त्र कायदा वस्तू मुळात कशासाठी बनवली आहे, ते आधी विचारतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तूंना तो शस्त्र मानत नाही, आणि उदाहरण म्हणून लाठी व हातातल्या साध्या काठीचे नावच घेतो. २०१६ च्या नियमांत मोजपट्टीही आहे. घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामाची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत जाते. तलवार, खंजीर, भाला आणि गुप्ती याच यादीत आहेत. म्हणजे आजोबांची काठी सुटली. पण तिच्या पोटात पाते निघाले, तर आजोबा अडकले!

गंमत अशी की बंदुकीची गोष्ट याहून सोपी असते. मी बँकेत होतो तेव्हा दारावरच्या रखवालदाराच्या बारा बोअरच्या बंदुकीला परवाना असे, त्याच्या नूतनीकरणाची तारीख असे, काडतुसांची मोजदाद असे. कोयत्याला कागद नाही. त्याचा कागद म्हणजे तो धरणाऱ्याचा हेतू, आणि हेतू रात्री अकरा वाजता चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला वाचायचा असतो.

बहुतेक घरांना ठाऊक नसते ते पुढेच. ‘शस्त्र कायदा कलम ४, २५’ हे बातमीत आपण वाचतो, पण शेजारी ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१), १३५’ असेही छापलेले असते, त्यावरून नजर घसरते. सणावाराला, निवडणुकीला पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात, बहुधा पंधरा दिवसांचा. तो लागू असताना इंच मोजत नाहीत. सुऱ्याच काय, इजा करता येईल अशी लाठीसुद्धा बाळगायला बंदी येते. शस्त्र कायद्यात सुटलेली काठी इथे सापडते. हा आदेश पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येतो.

तरुण पोरे यात फसतात ती बहुधा हौसेने. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, फोटो मोबाइलवर टाकायचा, म्हणजे पुरावा पोलिसांच्या हाती आपणच द्यायचा. २०१८ साली तेव्हाच्या औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्या होत्या. पार्सल घरपोच आले म्हणजे वस्तू कायदेशीर, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दल कलम २५ खाली एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा तो केक पुन्हा ताटात येतो. मुलाच्या दप्तरात, गाडीच्या डिकीत काय आहे, हे आईबापांनी पाहण्यात कसला कमीपणा?

आधारच्या नोंदीवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. ज्याला दहशत माजवायची आहे तो दुकानात कार्ड काढून उभा राहत नाही. कार्ड काढतो तो राबणारा माणूस. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. हंगामाच्या तोंडावर बीडकडून साखर कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, तान्ही पोरे आणि कोयते एकत्रच असतात. वाटेत एखाद्या हद्दीत मनाई आदेश असतो. तिथे नाक्यावरच्या शिपायाने कोयत्याबरोबर त्या गोधड्यांकडेही पाहावे, एवढे त्याला वरून कुणी लेखी कळवले पाहिजे.