वेणीची सावली आणि मंगळावरचा दरवाजा

छातीचा एक्स-रे काढायला आलेल्या बाईला तंत्रज्ञ सांगतो, ‘वेणी वर बांधा.’ अनेकींना ही उगाच केलेली कटकट वाटते. पण घट्ट वेणी खांद्यावर राहिली तर तिची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि क्षयाचा डागही बहुधा तिथेच शोधायचा असतो. गळ्यातला ताईत, शर्टाचे बटण, स्तनाग्राची गोल सावली यांनी कितीतरी नवशिक्या डॉक्टरांना फसवले आहे. मुरलेला डॉक्टर असा डाग पाहून लगेच औषध लिहीत नाही. ताईत काढायला, वेणी बांधायला सांगतो आणि फिल्म पुन्हा घेतो.

मंगळावरून येणाऱ्या छायाचित्रांनाही हाच न्याय लावायला हवा. नासाचे क्युरिऑसिटी हे वाहन ऑगस्ट २०१२ मध्ये आणि पर्सेव्हरन्स फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरले. त्यांनी पाठवलेली कच्ची छायाचित्रे नासा सर्वांसाठी खुली ठेवते. ती उतरवून घ्यायला पदवी लागत नाही की पैसे. त्यामुळे जगभर हौशी लोकांची एक जमातच तयार झाली आहे. दिवसा नोकरी आणि रात्री मंगळ! कोणी तुकडे जोडून अख्ख्या क्षितिजाचे चित्र बनवतो, कोणी रंग दुरुस्त करतो, कोणी दोन कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र करून दगडांची उंची-खोली दाखवतो. यातले काही काम इतके देखणे असते की संशोधकही त्याची वाखाणणी करतात.

तरी आपल्याकडच्या मोबाइलवर यातले चांगले काम क्वचितच पोहोचते. पोहोचतो तो ‘मंगळावरचा दरवाजा’. क्युरिऑसिटीने ७ मे २०२२ रोजी टिपलेल्या या चित्रात खडकात कोरल्यासारखी चौकट दिसते आणि खाली ‘नासा हे लपवत आहे’ असा मजकूर असतो. प्रत्यक्षात ती खडकातली फट होती, उंची जेमतेम एक फूट. त्या दारातून मांजर आत गेले असते, माणूस नाही. त्याआधी १९७६ मध्ये वायकिंग-१ यानाने टिपलेल्या एका टेकडीवर लोकांना माणसाचा चेहरा दिसला. पुढे जास्त स्पष्ट चित्रे आली तेव्हा चेहरा विरघळून गेला, टेकडी राहिली. मेंदूला चेहरे शोधायची सवय असते. ढगात, भिंतीच्या ओलीत, भाकरीच्या डागातही तो ते शोधतो. हा आजार नव्हे. पण त्या सवयीवर निदान ठेवायचे नसते.

हौशी मंडळींमध्येही दोन प्रकार आहेत आणि फरक हुशारीचा नाही, नोंदीचा आहे. चांगला हौशी सांगतो की मूळ चित्र कोणत्या दिवसाचे, कोणत्या कॅमेऱ्याचे, आपण त्यात उजेड किती वाढवला, रंग कशासाठी बदलला. दुसरा फक्त गोल करून बाण दाखवतो. खुली ठेवलेली चित्रे बहुधा जागा वाचवण्यासाठी दाबलेली असतात. ती खूप मोठी केली की बारीक चौकोन उमटतात, आणि एखाद्याला त्यात विटांची भिंत दिसते. एप्रिल २०१४ मध्ये क्युरिऑसिटीच्या चित्रात क्षितिजावर ‘दिवा’ दिसला. तो उजव्या कॅमेऱ्याच्या चित्रात होता, त्याच वेळच्या डाव्या कॅमेऱ्याच्या चित्रात नव्हता. कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण किंवा खडकावरून आलेली चमक, असा त्याचा खुलासा झाला. छातीच्या फिल्मवर शंका आली की डॉक्टर बाजूनेही एक फिल्म मागतो, ती याचसाठी.

रंगांचे प्रकरण तर आणखी गमतीचे. वायकिंगचे पहिले रंगीत चित्र आले तेव्हा मंगळाचे आकाश निळसर छापले गेले. मागाहून दुरुस्ती होऊन ते तांबूस झाले. म्हणजे तज्ज्ञही चुकले, पण त्यांनी ते मान्य केले. मुद्दाम बदललेला रंग हा खोटेपणा नसतो. क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली लाल दिसतात ते त्यांना तसे रंगवल्यामुळे. थुंकीत ते लाल नसतात. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक असते म्हणून कोणी फसत नाही. मंगळाच्या चित्राखालीही ते लिहिलेले असावे, इतकेच.

जानेवारी २०१४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी वाहनासमोर एक दगड दिसला, जो बारा मंगळदिवसांपूर्वी तिथे नव्हता. एका गृहस्थाने तो बुरशीसारखा सजीव असल्याचे म्हणत नासाला कोर्टात खेचले. निघाले असे की वाहनाच्या चाकाखाली दगड फुटून त्याचा तुकडा तिथे उडाला होता. तपासणाऱ्यानेच खूण उमटवायची आणि मग तिचेच निदान करायचे, हे दवाखान्यातही घडते.

जुनी फिल्म आणली आहे का, हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यम या अभियंत्याने नेमके तेच केले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम यान चंद्रावर कोसळले. नासाने त्या भागाची चित्रे खुली केली. सुब्रमण्यम यांनी जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवून इंचाइंचाने पाहिले, एक नवा ठिपका हेरला आणि नासाला कळवले. नासाने स्वतः तपासून २ डिसेंबर २०१९ रोजी तो विक्रमचा अवशेष असल्याचे जाहीर केले आणि श्रेयही दिले. आधी कळवणे आणि मग वाट पाहणे, यातले दुसरे जास्त अवघड.

जालना जिल्ह्यातल्या मुलांना तर या छंदासाठी जवळचा आधार आहे. मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बेसॉल्टचा, आणि इथला काळा पाषाणही तोच. विहीर खणताना लागणारा सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक म्हणजे लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची निशाणी. पर्सेव्हरन्सने उतरल्यावर पाठवलेल्या चित्रांतही भोके पडलेले दगड होते, आणि ती भोके बुडबुड्यांची की वाऱ्याने कोरलेली, यावर शास्त्रज्ञांनीही खल केला. मंठा ओलांडून थोडे पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार, बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पृथ्वीवर अशी विवरे फार थोडी. शाळेच्या सहली तिथे जातात, देवळे पाहून डबा खाऊन परततात. त्याच मुलांना आधी काठावरचा खडक हातात द्यावा, मग मंगळाचे एखादे कच्चे चित्र समोर ठेवून ‘काय दिसते’ आणि ‘काय आहे’ अशा दोन रकान्यांत लिहायला लावावे. खर्च शून्य. इस्रोच्या मंगळयानाची छायाचित्रेही नोंदणी करून मिळतात, मात्र ती शोधणे आणखी सोपे व्हायला हवे.

यात आरोग्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. एक्स-रे फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर फोटो काढायचा, तो पुतण्याला पाठवायचा, पुतण्याने आणखी कुणाला. आणि संध्याकाळपर्यंत ‘डाग गेलाय, गोळ्या बंद करा’ असा निरोप यायचा, हे आता नवे राहिलेले नाही. क्षयाचे औषध मध्येच सुटले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्या घरात लहान मूल असते.

पर्सेव्हरन्सला जुलै २०२४ मध्ये एका दगडावर बिबट्याच्या ठिपक्यांसारख्या खुणा दिसल्या. जीवसृष्टीच्या दृष्टीने आजवरच्या सर्वांत लक्षवेधी खुणांपैकी ही एक. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य’ हाच शब्द वापरला. दगडाचा तुकडा काढून नळीत बंद केलेला आहे. तो पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चापायी अडली आहे. बायोप्सी घेतली आहे, रिपोर्ट यायचा आहे.