शेजारधर्म आणि कोळसा

प्रशांत महासागरातील तुवालू या देशाची लोकसंख्या जेमतेम अकरा हजार. या देशाच्या नागरिकांना ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा परवाना देण्यासाठी २०२५ च्या जून-जुलैमध्ये पहिली सोडत जाहीर झाली, तेव्हा महिनाभराच्या मुदतीत ८ हजार ७५० जणांची नावे नोंदवली गेली. जागा होत्या वर्षाला २८०. आकडा अर्जदारांच्या कुटुंबीयांसह आहे आणि नाव नोंदवणारा प्रत्येक जण उद्याच घराला कुलूप लावून निघेल असेही नव्हे. परवाना घेऊन मायदेशी ये-जा करण्याची मुभा त्यात आहे. तरीही एका सार्वभौम राष्ट्राच्या दर पाचांपैकी जवळपास चार नागरिकांना दुसऱ्या देशाचे दार आपल्यासाठी उघडे असावे असे वाटते, ही केवळ स्थलांतराची बातमी नव्हे.

नऊ बेटांचा हा देश १ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. त्याचा भूभाग अवघा २६ चौरस किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासून सरासरी उंची दोन मीटरच्या आसपास. तेथील समुद्राची पातळी आधीच्या तीन दशकांच्या तुलनेत सुमारे १५ सेंटिमीटरने वाढल्याचे ‘नासा’ने २०२३ मध्ये नोंदवले. २०५० पर्यंत देशाचा बराचसा भाग आजच्या भरतीच्या रेषेखाली जाईल, असाही त्या संस्थेचा अंदाज आहे.

‘बुडणारा देश’ या चित्राला मात्र एक पुरवणी जोडली पाहिजे. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की १९७१ ते २०१४ या काळात तुवालूचा एकूण भूभाग सुमारे तीन टक्क्यांनी वाढला. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूने आणि प्रवाळाच्या चुऱ्याने काही बेटांना भर घातली. हवामान बदलाविषयी शंका घेणाऱ्यांना या निष्कर्षाचा मोठा आधार वाटला. परंतु जमीन शिल्लक राहणे आणि ती राहण्याजोगी राहणे या भिन्न गोष्टी आहेत. उधाणाच्या भरतीत खारे पाणी जमिनीखालून सच्छिद्र प्रवाळातून वर येते. अळूच्या जातीचे ‘पुलाका’ हे कंद पिढ्यान्‌पिढ्या ज्या खड्ड्यांत पिकवले जातात, त्यांत क्षार शिरतो आणि पीक हातचे जाते. नदी नाही, पिण्याच्या पाण्याची सारी भिस्त पावसावर. २०११ मध्ये पाऊस रुसला, तेव्हा देशात आणीबाणी जाहीर करावी लागली होती. देश नकाशावरून पुसला जाण्यापूर्वीच त्यातील जगणे अशक्य होऊ शकते, हा तुवालूपुढचा खरा प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियाने देऊ केलेला आसरा या पार्श्वभूमीवर तपासला पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उभय देशांत झालेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेला करार ‘फालेपिली’ या नावाने ओळखला जातो. तुवालूच्या भाषेत या शब्दाचा अर्थ शेजारधर्म. करारात परवान्यांखेरीज एक मोलाचे कलम आहे. समुद्राने भूमी गिळली तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व आणि सार्वभौमत्व कायम राहील, हे ऑस्ट्रेलियाने त्यात मान्य केले आहे. मात्र त्याची किंमतही करारातच नमूद आहे. अन्य कोणत्याही देशाशी संरक्षण वा सुरक्षाविषयक करार करण्यापूर्वी तुवालूला ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागेल. चीनचा या सागरातील वाढता वावर ध्यानात घेतला, की हे कलम कोणाला उद्देशून आहे ते सांगावे लागत नाही. अडचणीत सापडलेल्या शेजाऱ्याला खोली द्यायची, पण त्याच्याकडे पाहुणे कोण येणार हे आपण ठरवायचे, असा हा व्यवहार आहे.

त्याहून गंभीर विसंगती वेगळीच आहे. ऑस्ट्रेलिया हा कोळसा आणि द्रवरूप नैसर्गिक वायू यांच्या जगातील प्रमुख निर्यातदारांपैकी एक. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘नॉर्थ वेस्ट शेल्फ’ या अवाढव्य वायुप्रकल्पाला २०७० पर्यंत चालू राहण्याची अंतिम मंजुरी सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये दिली. म्हणजे तुवालूच्या पहिल्या सोडतीची मुदत संपल्यानंतर दोनच महिन्यांनी. इंधन जेथे जळते त्या देशाच्या खात्यावर त्याचे उत्सर्जन मांडले जाते, त्यामुळे ही निर्यात ऑस्ट्रेलियाच्या हिशेबात दिसतच नाही. आम्ही विकले नाही तर दुसरा कोणी विकेल, हा युक्तिवाद तोंडी लावायला आहेच. तो पूर्णतः खोटा नाही. परंतु प्रत्येक विक्रेता तोच युक्तिवाद करू लागला, तर जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

या सोयीस्कर हिशेबाला पहिला मोठा धक्का हेगमध्ये बसला. सोडतीची मुदत १८ जुलै २०२५ रोजी संपली आणि पाच दिवसांनी, २३ जुलैला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलाविषयीचे आपले सल्लामत एकमताने जाहीर केले. या प्रकरणाचा आरंभ २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूतील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी केला. वानुआतूच्या सरकारने त्यांची मागणी उचलून धरली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती सर्वसंमतीने न्यायालयाकडे पाठवली आणि डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत शंभराच्या आसपास देश व संघटनांनी बाजू मांडली.

न्यायालयाच्या मताचे सार असे, की हरितगृह वायूंपासून हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते केवळ हवामानविषयक करारांतून नव्हे, तर रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येते. जीवाश्म इंधनांचे उत्पादन, वापर, उत्खननाचे नवे परवाने आणि अनुदाने यांबाबत योग्य ती पावले न उचलणे हे बेकायदा कृत्य ठरू शकते, असे न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले आहे. भूमी गमावली म्हणून राष्ट्रत्व आपोआप संपत नाही आणि किनारा मागे हटला तरी एकदा निश्चित केलेल्या सागरी हद्दी बदलण्याचे बंधन नाही, हेही त्याने मान्य केले. तुवालूसाठी हा मुद्दा पोटाचा आहे. कारण आपल्या हद्दीत टुना मासेमारीसाठी परदेशी जहाजांना दिलेल्या परवान्यांच्या शुल्कावर त्या देशाची तिजोरी मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

सल्लामत बंधनकारक नसते, हे खरे. त्याने एकही खाण बंद होणार नाही. तथापि त्यामुळे वादाची भाषा बदलते. आजवर दुर्बळ देशांना जे मिळाले ते साहाय्य म्हणून, हक्क म्हणून नव्हे. समुद्रपातळीवाढीने होणाऱ्या हानीसाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारावा, असा प्रस्ताव लहान बेटांच्या वतीने वानुआतूने १९९१ मध्येच मांडला होता. हानी व नुकसान निधीला तत्त्वतः मान्यता मिळायला २०२२ साल उजाडले. मधल्या काळात, २०१५ मध्ये पॅरिस कराराला मंजुरी देतानाच, या कराराच्या हानीविषयक कलमावरून दायित्व वा भरपाई मागता येणार नाही अशी पाचर श्रीमंत देशांनी मारून ठेवली. निधीसाठी २०२४ अखेरपर्यंत जाहीर झालेली आश्वासने एक अब्ज डॉलरपर्यंतही पोहोचली नाहीत. एकट्या पाकिस्तानची २०२२ च्या महापुरातील हानी तीस अब्ज डॉलरहून अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दानशूरतेचे माप कळते.

भारताला या वादात प्रेक्षकाची भूमिका घेता येणार नाही. आपले दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे आणि ऐतिहासिक जबाबदारी प्रामुख्याने विकसित देशांची आहे, ही भारताची भूमिका न्याय्यच आहे. परंतु विद्यमान हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, असेही भारताने हेगमध्ये सांगितले, आणि त्या मुद्द्यावर आपण तुवालूच्या नव्हे, तर मोठ्या उत्सर्जक देशांच्या बाकावर बसलो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील, २०२१ मध्ये कोळसा काढू लागलेली कारमायकेल खाण अदानी या भारतीय समूहाची आहे. गरिबी हटवण्यासाठी ऊर्जा हवी, हे निर्विवाद. मात्र ‘आधी श्रीमंतांनी थांबावे’ हे वाक्य आपण ज्या हक्काने उच्चारतो, त्याच हक्काने तुवालू ते आपल्यालाही ऐकवू शकतो.

बेलेम येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या हवामान परिषदेच्या अंतिम निर्णयात जीवाश्म इंधनांचा उल्लेखही येऊ शकला नाही. दोन वर्षांपूर्वी दुबईत याच देशांनी या इंधनांपासून दूर जाण्याचे मान्य केले होते. बेलेममध्येच असेही ठरले, की २०२६ ची परिषद तुर्कस्तानात भरेल, मात्र वाटाघाटींचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाकडे राहील. तुवालूला शेजारी म्हणवणाऱ्या देशाला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. वर्षाला २८० जणांना घर देणे ही माणुसकी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु आसरा हा इंधनकपातीला पर्याय नव्हे. शेजाऱ्यावर घर सोडण्याची वेळच येऊ नये यासाठी स्वतःच्या तिजोरीला तोशीस लावून घेण्याची तयारी आहे का, यावरच शेजारधर्माची परीक्षा होईल. आणि त्या परीक्षेत २०७० पर्यंतच्या परवान्याचे उत्तर ऑस्ट्रेलियाला द्यावेच लागेल.